बांधावरची वांगी

"धर गं नीट, वाकडं दिसतंय," नाना म्हणाले.

मी वांग्याचं झाड धरून उभी होते. साधं रोप नव्हे, कमरेएवढं वाढलेलं, अंगाखांद्यावर जांभळी वांगी लटकलेलं, चांगलं लेकुरवाळं झाड. नानांनी बांधावर कुदळीनं खड्डा घेतला, झाड आत ठेवलं, माती लोटली आणि पायानं दाबली. मग मागं सरकून, डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कसं दिसतंय?"

"आत्ताच कुणीतरी आणून लावल्यासारखं."

"तुला लगीन करायचंय का न्हाय?"

करायचं होतं. त्याच मुलाशी करायचं होतं. म्हणून मी टेम्पोतून मिरचीचं झाड उचललं.

टेम्पो माझ्या मामांचा होता आणि झाडंही त्यांचीच. नानांनी उजाडायच्या आत मेहुण्याच्या मळ्यातली एक अख्खी ओळ मुळासकट उपटून आणली होती. वांगी, मिरची, भेंडी, आणि एक दोडक्याचा वेल, तोही मांडवाच्या काठीसकट. मामी म्हणे बांधावर उभी राहून कपाळ बडवत होती. भाचीच्या लग्नात मामानं आहेर करायचा असतो हे तिला ठाऊक होतं, पण तो असा बघायच्या कार्यक्रमालाच न्यायला येतील असं तिला वाटलं नव्हतं.

एवढा उपद्व्याप कशासाठी, ते सांगायला हवं.

आमचं आंबेघळ म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव. शेतं एवढी एवढीशी, की आपल्या रानातून नवऱ्याला हाक मारली तर तिसऱ्याच्या रानातला नवरा ओ देईल. पण त्या तुकड्यांत काय नव्हतं? मधे भात नाहीतर ज्वारी, आणि कडेनं बांधावर वांगी, घेवडा, मिरची, माठ, कारली. कुणाकडं काही नवं लागलं की पहिला तोडा घरात शिजत नसे. त्याचा वानवळा चार घरी जायचा. ज्या ताटलीतून वानवळा आला ती रिकामी परत करायची नाही, हा गावचा नियम. मग ताटल्या वर्षभर फिरत राहायच्या. शेजारची कोंडाकाकू आणि माझी आई पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण शेवग्याच्या शेंगा इकडून जायच्या आणि लिंबं तिकडून यायची. बोलणं बंद होतं, भाजी चालू होती. अशी भांडणं फार टिकत नाहीत.

मग गावात 'मृदासखा प्रतिष्ठान' आलं. प्रतिष्ठानचे निनादसर पुण्याचे. खादीचा कुर्ता, पायात चपला नाहीत. मातीवर पाय ठेवताना तिला विचारून ठेवत असावेत असं वाटायचं. मनानं चांगले होते हं, उगाच का खोटं बोलू. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "तुमची ही लहान लहान शेतं म्हणजे समाजाला बांधून ठेवणारा धागा आहे. स्थानिक, शाश्वत शेती. हे आपल्याला जपायचंय." आमच्या तुकड्यांना आजवर इतकं चांगलं कुणी म्हटलं नव्हतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

आणि जपायचं कसं, तर सगळ्या गावानं फक्त झुकिनी लावायची.

झुकिनी म्हणजे काकडीसारखी दिसणारी परदेशी भाजी. चवीला काकडीच्या निम्मी. ती बिनविषाची पिकवायची, खोक्यात भरायची आणि शहरात पाठवायची. दुसरं काही लावायचं नाही, कारण खोकी एका मापाची भरली पाहिजेत, आणि बांधही साफ ठेवायचे, कारण वांग्यामिरचीवरची कीड झुकिनीवर येते म्हणे. खोक्यावर माझ्या आईचा फोटो होता. झुकिनी यायच्या आधी काढलेला. हातात टोपली, टोपलीत वांगी, मिरच्या, दोडकी. खोक्याच्या आत झुकिनी.

झुकिनीचं भरीत करून बघितलं, थालीपीठ करून बघितलं, आईनं एकदा झुणकाही केला. म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं. त्यामुळं स्थानिक शाश्वत शेतीचं हे आदर्श गाव दर बाजाराला पिशव्या घेऊन तालुक्याला जाऊ लागलं आणि कुठल्या कुठून ट्रकनं आलेली कोथिंबीर विकत आणू लागलं.

या सगळ्याचे अध्यक्ष होते आमचे नाना. शेताच्या तोंडाशी अध्यक्ष म्हणून त्यांच्या नावाची पाटी होती. स्वतःच्या वडिलांना माकडाच्या हाती कोलीत असं म्हणू नये, म्हणून म्हणत नाही. पण बांध साफ ठेवायचा नियम त्यांनी असा काही मनावर घेतला, की रोज सकाळी गावभर फिरून लोकांची झाडं उपटत. कुणाचा माठ, कुणाची मेथी. कोंडाकाकूनं न्हाणीच्या सांडपाण्यावर मिरच्या लावल्या होत्या, त्याही उपटल्या. ती मिरच्यांचा ढीग बघत म्हणाली, "भावजी, तुमच्या भाकरीवर ठेचा पडायचा न्हाय, बघा." त्या दिवशी आमच्या घरची शेवटची ताटली तिच्याकडून आली. रिकामी.

आता सयाजी. मी आणि सयाजी तालुक्याला कॉम्प्युटरच्या क्लासला एकत्र होतो. तीन जणांत एक कॉम्प्युटर. माऊस कायम तिसऱ्याच्या हातात, त्यामुळं आम्हा दोघांना मागं बसून एकमेकांकडं बघण्याखेरीज काम नव्हतं. परीक्षेत दोघं काठावर पास झालो. लग्नाचं मात्र मनात पक्कं झालं होतं. मग रीतीप्रमाणं मध्यस्थ घातले, बघायचा दिवस ठरला आणि सयाजीचा फोन आला.

"वैजू, एक सांगायचं राहिलं. आई मुलगी बघत नाही."

"मग काय बघती?"

"बांध बघते. ज्यांच्या बांधावर चार भाज्या नाहीत त्यांच्याशी सोयरीक करत नाही. मागच्या खेपेला मुलगी चांगली होती, पण बांधावर नुसतं गवत. आई चहा न पिता उठली."

"आणि तू?"

"मी पिला होता."

मला रडू यायला लागलं. आमच्या बांधावर गवतसुद्धा नव्हतं. अध्यक्षांचा बांध!

नानांना सांगितलं. गावात कुणाकडं मागायची सोय नव्हती. आई कोंडाकाकूकडं मूठभर कोथिंबीर मागायला गेली तर तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "झुकिनीची पानं घाल की." म्हणून मामांचा मळा. निनादसर शहरातले पाहुणे घेऊन शेत बघायला दुसऱ्या दिवशी यायचे होते, तोवर झाडं काढून टाकू, असा नानांचा बेत होता. कोंडाकाकू सकाळपासून शेजारच्या रानात गवत कापत होती. नाना एकेक झाड खोवत होते आणि ती एकेक पेंढी बांधत होती. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

सयाजीची आई, गिरजाबाई, दुपारी सयाजीला घेऊन जीपनं आली. एवढीशी बाई, डोक्यावर पदर, चालणं झपाझप. मी साडी सावरत पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं.

"पोरगी हाय, दिसतीच हाय. रान कुटं हाय?"

सयाजी पोह्यांकडं बघत मागं निघाला. नाना पुढं, छाती काढून. वळणावर पोचलो. ऊन कडक होतं. बांधावरच्या सगळ्या झाडांनी माना टाकल्या होत्या. पानं फडक्यासारखी लोंबत होती आणि त्यात वांगी तेवढी टवटवीत. दोडक्याचा वेल काठीला सोडून खाली बसला होता.

गिरजाबाई आधी शेताकडं वळली.

"ह्ये काय?"

"झुकिनी. इलायती भाजी हाय," नाना म्हणाले.

"चव कशी हाय?"

"पौष्टिक हाय."

"घरात कोण खातं?"

"शहरात जाती सगळी."

"मग शेजाऱ्याला काय देता?"

नाना थोडे गोंधळले. "शेजाऱ्याच्यातबी हीच हाय की."

"आन शेजारी तुमास्नी काय देतो?"

इतक्या सभा झाल्या, इतकी भाषणं झाली, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"कुणी कुणाला कायच देत न्हाय, तर मग ह्येला गाव कशाला म्हणायचं?" गिरजाबाई म्हणाली. "यष्टी स्टँड म्हणा."

"तसं न्हाय, तसं न्हाय," नाना घाईनं म्हणाले. "म्हणून तर बांधावर वांगी केल्यात! ही बगा, घरची!"

गिरजाबाई वांग्याजवळ गेली. वाकली. एक वांगं तोडावं म्हणून तिनं झाड दोन बोटांत धरलं आणि वांग्याऐवजी अख्खं झाडच तिच्या हातात आलं. मुळाशी मामांच्या रानातला काळ्या मातीचा गड्डा होता. आमची जमीन तांबडी. तो काळा गड्डा फुटून तांबड्या मातीवर पडला. गिरजाबाईनं मातीकडं पाहिलं, मग नानांकडं. मी सयाजीकडं पाहिलं. तो आभाळात घार आहे का ते शोधत होता. मला त्याचा असा राग आला की लग्न झाल्यावर पहिल्यांदा काय बोलायचं ते मी तिथंच ठरवून टाकलं. लग्न झालं तर.

तेवढ्यात पांढरी गाडी येऊन उभी राहिली.

निनादसर उतरले. मागोमाग टोप्या घातलेली दोन शहरी माणसं, गळ्यात कॅमेरे. पाहुण्यांना एक दिवस आधीच सवड झाली होती.

"नाना! शेतावर अख्खं कुटुंब! अप्रतिम!" असं म्हणत सर हसत पुढं आले आणि बांध बघून थांबले. हसू तोंडावर तसंच राहिलं. "नाना... हे काय आहे?"

नानांची आता खरी पंचाईत झाली. इकडं आड, तिकडं विहीर. झाडं आमची नाहीत म्हणावं, तर सोयरीक मोडते. आमची आहेत म्हणावं, तर अध्यक्षपद जातं. त्यांनी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला त्यांच्याकडून काही आशा नव्हती. ती पाटी ते रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत, आणि मी बारावी झाले तेव्हा पेढेसुद्धा आणायचे विसरले होते.

"आमचीच हायत, सर," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक, की कॅमेरावाल्यानं "काय म्हणाले?" असं विचारलं. मग नाना घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "आमचीच. पयल्यापासनं हायत."

माझे डोळे एकदम भरून आले. असं वाटलं, धावत जावं आणि त्यांचे मातीचे हात धरावेत.

पण निनादसर चांगले होते ना! चांगल्या माणसाचं हेच अवघड असतं. त्यांचा विश्वासच बसेना.

"शक्यच नाही! नाना, तुम्ही? तुम्ही स्वतः बांध साफ करत फिरता. कुणीतरी तुम्हाला बदनाम करायला हे केलंय. अहो, ही झाडं बघा ना, सुकलीत! आजच कुणीतरी आणून खोचल्यासारखी दिसतात!"

"न्हाय सर, आमचीच—"

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय. मी शोधून काढतो." सर तरातरा पुढं आले. नानांवरच्या भरवशापायी ते आता माझं लग्न मोडायला निघाले होते. त्यांनी शेजारच्या रानाकडं पाहिलं. "काकू! तुम्ही शेजारी. तुम्ही खरं सांगा. ही झाडं इथं आधीपासून होती का?"

कोंडाकाकूनं विळा थांबवला.

सकाळपासूनचा सगळा तमाशा तिनं डोळ्यांनी पाहिला होता. एक 'न्हाय' म्हटलं की नाना सोयऱ्यांसमोर खोटे पडत होते. उपटलेल्या मिरच्यांचा सूड घरबसल्या मिळत होता. ती उठली, कमरेला खोचलेला पदर सोडून झटकला, बांधाजवळ आली. गिरजाबाई हातात झाड धरून तिच्याकडं बघत होती. मी मनात म्हणत होते, काकू, तुझ्या मिरच्यांची शपथ.

"व्हती की," कोंडाकाकू म्हणाली. "न्हाय कशी? माझ्या मिरच्या उपटल्या त्या दिशीबी व्हती. लोकांची उपटायची आन आपली पाणी घालून जगवायची. आध्यक्ष न्हवं का!"

सर मटकन बांधावर बसले. कॅमेरावाल्यानं त्यांचा फोटो काढला.

"नाना," सर म्हणाले, "हे मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. आता अध्यक्ष म्हणून तुम्हाला मी..."

"ऱ्हाऊ द्या सर. काढा ती पाटी."

गिरजाबाईनं तेवढ्यात हातातलं झाड पुन्हा खड्ड्यात ठेवलं आणि टाचेनं माती दाबली. "पाणी कमी पडलंय," ती सरांना म्हणाली. "बाकी काय झालं न्हाय त्येला." मग ती कोंडाकाकूकडं वळली. "बाई, जेवायला हायसा न्हवं?"

"मला कुणी बलावलंय?"

गिरजाबाईनं नानांकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

"कोंडावैनी," नाना खाली बघत म्हणाले, "या जेवायला."

"भाजी कसली हाय?"

आई मागून पुटपुटली, "झुकिनीची."

"आगं आई गं," कोंडाकाकू म्हणाली. "थांबा, मी कोथमीर आन हिरव्या मिरच्या घिऊन येते."

सरांनी मान वर केली. "कुठून?"

"बाजारातनं आणल्याल्या वो, सर," असं म्हणून ती घरामागच्या पडक्या गोठ्यात शिरली आणि मुळाला माती लागलेली कोथिंबीर घेऊन आली. सर ती बघत राहिले. पण त्या दिवशी त्यांना आणखी काही विचारायची ताकद उरली नव्हती. तेही आमच्यातच जेवले. ठेचा दोनदा घेतला.

जेवण झालं, पान झालं, तरी गिरजाबाई लग्नाचं अवाक्षर काढेना. मी चौकटीला टेकून उभी. आई मला ढोसत होती, मी सयाजीला डोळ्यांनी ढोसत होते आणि सयाजी चपला शोधत होता, ज्या त्याच्या पायातच होत्या. सगळे त्यांच्या जीपपाशी गेले. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

जीपमध्ये बसता बसता गिरजाबाई नानांना म्हणाली, "ती झाडं काय जगायची न्हाईत. काळ्या रानातली हायत. आमच्यातलं बी धाडून देते, त्ये टाका. आत्ता टाकलं तर लग्नापातूर वांगी लागतील."

"कुणाच्या लग्नापातूर?" नानांनी विचारलं.

आईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

मी तशीच आत पळाले आणि कणगीमागं बसून पोटभर रडले. आनंदानंच, पण हुंदके देऊन.

पुढं गावात नवा अध्यक्ष कुणी व्हायला तयार होईना. अध्यक्ष झालं तर स्वतःच्या घरामागचंही उपटावं लागलं असतं, आणि एकेकाच्या घरामागं काय काय निघालं! सरांनी मग झुकिनीच्या कडेनं भाज्या चालतील असं मान्य केलं, आणि पुढच्या वर्षी तीच प्रतिष्ठानची नवी कल्पना म्हणून खोक्यावर छापली. आईचा फोटो पुन्हा काढला. या खेपेला टोपलीत त्यांनी मुद्दाम झुकिनी ठेवायला लावली.

लग्नाला पंगतीत भरली वांगी होती. घरची. हळदीच्या दिवशी कोंडाकाकू माझ्या गालाला हळद लावत होती, तेव्हा मी हळूच विचारलं, "काकू, खरं सांग. त्या दिवशी खोटं बोललीस ते माझ्यासाठी, का नानांचं अध्यक्षपद घालवायला?"

तिनं राहिलेली हळद माझ्या नाकाला फासली.

"दोनी कामं पडून व्हती," ती म्हणाली. "येकाच हेलपाट्यात उरकली."